एका पाण्यावर एक रात्र

आमच्या साडूंना स्वस्थ बसलेलं पाहिलंय असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजा. देवाने माणसाला बसण्यासाठी म्हणून शरीराचा जो भाग दिला आहे, तो या गृहस्थांच्या बाबतीत निव्वळ वाया गेला. पायाला भिंगरी असलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात, पण ती निदान झोपताना तरी भिंगरी काढून ठेवतात. आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, झोपेतही प्रवास करतात. निजतात ते उशीवर डोकं ठेवून आणि उठतात ते उशीवर पाय ठेवून. ही माहिती अर्थात ताईंची, म्हणजे माझ्या मेहुणीची. त्या ती तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. आपल्या घरात एक घड्याळ आहे आणि ते पुढे पळतं, अशा सुरात सांगतात.

साडू राहतात मुलुंडला आणि आम्ही बोरिवलीला. मधे एवढं शहर असूनही ते आमच्याकडे ‘सहज’ येतात. येतात म्हणजे दारात चपला काढतात, पण काढताना त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवतात. निघताना वळवायला वेळ नको! आत आल्यावर सोफ्याच्या हातावर टेकतात, सोफ्यावर कधीच नाही. माझी बायको पोहे टाकते तोवर हा माणूस बाल्कनीतल्या कुंड्यांची जागा बदलतो, गॅसची नळी तपासतो, माझ्या खुर्चीचा करकरणारा पाय घट्ट करतो आणि पोहे बशीत पडेपर्यंत जिन्यात पोहोचलेला असतो. ‘अहो, बसा ना जरा,’ असं म्हटलं की मूळचा मालवणकडचा माणूस जागा होतो आणि म्हणतो, “बसान काय गावतला?” बसून काय मिळणार, हे त्यांनी माझ्यासारख्या बैठ्या माणसाला विचारावं! मला बसून खूप काही मिळालेलं आहे, पण ते सगळं कमरेभोवती आहे.

या माणसाने जन्मभर नोकरी केली ती लिफ्ट दुरुस्त करण्याची. घाटकोपरपासून अंधेरीपर्यंतच्या किती इमारतींमधली माणसं त्यांच्यामुळे वरखाली झाली असतील त्याला गणती नाही, पण स्वतः साडू लिफ्टने कधी गेले नाहीत. लिफ्टची वाट पाहत उभं राहावं लागतं हे त्यामागचं कारण. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत पंगतीत, आणि पंगतीत जिलबी यायच्या आत पान खायला रस्त्यावर. नाटकाला गेले तर मध्यंतरात परत. “पुढे काय होणार ते कळलं रे,” असं वर सांगणार. एकदा आमच्या एका नातेवाइकांकडे समाचाराला आम्ही बरोबर गेलो होतो. सगळे खाली माना घालून बसलेले. साडूंनी चार श्वास कसेबसे काढले, मग उठून त्या घरातला कुरकुरणारा पंखा उतरवला, तेल घातलं, पुन्हा चढवला, जाता जाता मोरीतला गळका नळ बंद केला आणि हात जोडून बाहेर पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या घरच्या आजी आजही मला विचारतात, “ते पंखेवाले कसे आहेत हो? त्या दिवशी खरा धीर त्यांनीच दिला.”

असा माणूस निवृत्त झाला म्हणजे काय वाट लागली असेल याची कल्पना करा. घरातलं सगळं फर्निचर तीनदा फिरवून झालं. शेवटी फिरवायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी भंगारात निघालेली शाळेची एक छोटी बस घेतली आणि इमारतीच्या आवारात आणून उभी केली. आत दोन लांब बाकं ठोकली, ती रात्री झोपायची आणि दिवसा बसायची. एक शेगडी, छपरावर पाण्याची टाकी, भांडी खणखणू नयेत म्हणून प्रत्येक भांड्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा. मागच्या बाजूला एक आडवी फळी आणि तिच्यापुढे फुलाफुलांचा पडदा. फक्त रंगाचं काही जमलं नाही. वरून कितीही पांढरा फासला तरी शाळेचा पिवळा रंग खालून डोकावायचाच. नंतर प्रवासात एका गावात एक मास्तर गाडीशी आले, आत माझं टक्कल आणि साडूंच्या मिशा पाहिल्या आणि गंभीरपणे विचारते झाले, “कितवीची सहल?”

तो मागचा पडदा ताईंसाठी होता. साडूंना जितकी गाडीची आवड, तितकी ताईंना गाडी लागते. मुलुंडहून ठाण्याला जायचं तरी गोळी घेऊन डोळे मिटून पडणाऱ्या या बाईने नदीकाठाने, गावोगाव मुक्काम करत चौघांनी जायच्या साडूंच्या बेताला होकार दिला, याचंच आम्हाला आश्चर्य वाटलं. पण होकारामागे कारण होतं. इमारत पाडून टॉवर व्हायचा होता, सगळ्यांनी भाड्याच्या घरांत जायचं होतं आणि तिथे ही पिवळी गाडी ठेवायला कुणी देणार नव्हतं. म्हणजे पहिली सफर हीच शेवटची. शिवाय ताईंचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी ऑपरेशनशिवाय इलाज नाही म्हणून सांगितलं होतं. ताईंनी आमच्यासमोर साडूंना सांगितलं, “मी येते. गोळ्या खाईन, आडवी पडेन, पण माझी एक अट आहे. एका तरी नदीवर एक अख्खा दिवस थांबायचं. सकाळी पाहिलेलं पाणी मला त्याच दिवशी संध्याकाळी पाहायचंय. हे गुडघे आहेत तोवर चार पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसायचंय. संसार झाला, पण तुमच्याबरोबर कुठे बसले असं मला आठवत नाही.”

“दिला शब्द!” साडू म्हणाले आणि लगेच टायरची हवा तपासायला खाली गेले.

निघायच्या दिवशी गाडीपुढे नारळ ठेवून साडूंनी गाऱ्हाणं घातलं. कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला असं खड्या आवाजात साकडं घालतात आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. “बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वाटांच्या राखणदारा! ही तुझी लेकरां आज गाडी घेवन भायर पडली हत. तेंच्या वाटेत जो कोण आडवो येयत तेका बाजूक कर, म्हाराजा!” आम्ही म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” “टायर पंक्चर होव नये, गिअर अडकू नये, साडूचा पोट बिघडू नये, तसा कर, म्हाराजा!” इथे मी एकट्याने जरा जास्त जोरात म्हणायचो. हे गाऱ्हाणं रोज सकाळी निघताना व्हायचं आणि साडूंनी त्यातून हजेरीचीही सोय काढली होती. स्टिअरिंगला हात लावून, मान पुढे ठेवून ते गाऱ्हाणं घालणार. माझा घोगरा, माझ्या बायकोचा बारीक आणि पडद्यामागून गोळी घेतलेल्या ताईंचा जड, असे तीन ‘व्हय म्हाराजा’ कानावर पडले की सगळे आहेत असं समजून गाडी सुटणार. मागे वळून बघण्यात वेळ कशाला घालवायचा?

साडूंचा दुसरा नियम होता, एका पाण्यावर एक रात्र. भातसेच्या काठी पहिला मुक्काम झाला. जागा इतकी सुरेख की मी चटई पसरून तिच्यावर पालथा पडलो, पण सकाळी चहा पोटात जायच्या आत चटई माझ्याखालून ओढली गेली. मग दारणा, मग गोदावरी. प्रत्येक ठिकाणी ताई दांडा धरून हळूहळू खाली उतरायच्या, पाण्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, “हीच का हो आपली थांबायची नदी?” साडू तोवर चुलीचे दगड हलवत असायचे. “ही? छे, छे! पुढची बघ तू. पुढची एकदम झकास आहे.” प्रवरेवर पुढची म्हणजे कुकडी झाली, कुकडीवर भीमा झाली, भीमेवर नीरा झाली. मधल्या गावांतून बाजार लागायचे, बाजारात साडू आमच्यापुढे वीस पावलं चालायचे आणि भाजीवालीने भाव सांगायच्या आत पुढच्या भाजीवालीकडे पोहोचायचे. त्यामुळे त्या सबंध सफरीत आम्ही कुठल्या गावात वांगी घेतली आणि कुठल्या गावात त्यांचं भरीत खाल्लं हे मला आजही सांगता येत नाही. माणसं जेवतात ती जिभेने, आम्ही जेवलो ते एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवून.

नीरेवर माझ्या बायकोने मात्र तोंड उघडलं. “भावोजी, तुम्ही ताईला शब्द दिलाय. आता नद्या संपत आल्या.” साडू पान्हा पुसत म्हणाले, “अगं, देतोय ना! मी कुठे नाही म्हटलं? पण एवढं लांब आलोय तर सगळं बघून घ्यायला नको?” ताईंनी नुसती माझ्या बायकोकडे पाहून मान हलवली आणि गोळी घेऊन पडद्यामागे गेल्या. मला त्या दिवशी साडूंचा पहिल्यांदा खरा राग आला. माणूस दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं. पण ज्याने बायकोच्या फळीला तीन तीन गाद्यांचा फोम चिकटवलाय, तिला धक्का बसू नये म्हणून जो खड्ड्यातून गाडी चालताना स्वतःच दात आवळतो, त्याच्याशी भांडायचं कसं?

वाईच्या पुढे कृष्णेकाठी एक लहानसं गाव लागलं. घाटाच्या झिजलेल्या पायऱ्या, वर एक देऊळ, देवळापुढे गाडी उभी करायला ऐसपैस जागा. आमच्या वेळापत्रकातली ही शेवटची नदी. इथून परतायचं होतं. ताईंनी संध्याकाळी अंधार पडता पडता उतरून पाणी पाहिलं, पण त्या दिवशी काही विचारलं नाही. सकाळी मी उठलो तो साडूंनी शेगडी आवरलेलीच होती आणि ताईंचा पडदा ओढलेला होता. “चल रे, उन्हाच्या आत घाट चढू.” गाडीभोवती गाव गोळा झालेलं. पिवळी बस, छपरावर टाकी, आत शेगडी, म्हणजे बघण्यासारखं होतंच. साडूंनी इंजिन सुरू केलं आणि गाऱ्हाणं घातलं. पहिल्या मागण्याला आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, दुसऱ्याला गावाने आपण होऊन सूर मिसळला आणि तिसऱ्याला तर देवळातल्या गुरवापासून घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांनी असा काही गजर केला की साडूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी हात हलवला, गावाने हात हलवला आणि आम्ही निघालो.

बऱ्याच अंतरावर एका बाजारपेठेत चहाला थांबलो. साडूंनी नेहमीप्रमाणे पहिला ग्लास पडद्याशी नेला. ताईंचा चहा ते कधी कुणाला नेऊ देत नाहीत. “अगं, ऊठ. आलं घातलंय.” त्यांनी पडदा सारला. आत गोधडी होती, लोड होता, चार्जिंगला लावलेला ताईंचा फोन होता. ताई नव्हत्या.

मी या माणसाला इतक्या वर्षांत धावताना, चढताना, उतरताना, घामाघूम होताना पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ग्लास हातात तसाच. “मी आवाज ऐकला रे तिचा,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “तिचा आवाज होता. माझी चूक होणार नाही.” परतीच्या रस्त्यावर त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही की कुणाला मागे टाकलं नाही. समोर बैलगाडी आली तर तिच्यामागून बैलाच्या चालीने गेले, मुकाट. माझी बायको रडत होती. मी तिला उगाचच सांगत होतो की गाव चांगलं होतं.

ताई घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. लुगडं पोटरीपर्यंत घेतलेलं, दोन्ही पाय पाण्यात. शेजारी गावातल्या दोन बायका. तिघी मिळून ओल्या शेंगा सोलून खात होत्या. मागच्या दगडांवर आमच्या सगळ्यांचे कपडे धुऊन पसरलेले, त्यात साडूंचे दोन लेंगे, हातपाय ताणून अगदी निवांत पडलेले. तसे ते लेंगे साडूंच्या अंगावर कधी दिसले नव्हते.

साडू पायऱ्या उतरून गेले आणि समोर उभे राहिले. त्यांचा श्वास लागला होता. “अगं, तू... मी तुझा आवाज ऐकला होता!”

“ऐकलात ना? मग? मी दिलाच होता,” ताई शेंग सोलत म्हणाल्या. “धुणं घेऊन पहाटेच उतरले होते, इथूनच दिला. गाऱ्हाण्याला जबाब न देऊन कसं चालेल? पण मी कुठे आहे ते कधी बघितलंत तुम्ही?”

“गाडी सुरू झाली ती कळली नाही तुला?”

“कळली की. हाक मारली असती तर थांबलीही असती. नाही मारली.” मग त्यांनी मागच्या दगडांकडे मान वळवली. “हे कपडे वाळल्याशिवाय मी हलणार नाही. आणि जाड कपडे आहेत, आज वाळत नाहीत.”

वर गाव उभं होतं. मला वाटलं, आता साडू काहीतरी म्हणतील, पुढच्या नदीचं नाव घेतील. पण पुढची नदी उरलीच नव्हती. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, ताईंच्या ओंजळीत शेंगांच्या टरफलांवर ठेवली आणि म्हणाले, “वाळू दे.” मी खोटं कशाला बोलू, मी तोंड फिरवून देवळाकडे बघत राहिलो.

तो अख्खा दिवस आम्ही कृष्णेवर काढला. साडू बसले म्हणता? छे! त्यांनी देवळाच्या घंटेची साखळी आवळली, गुरवाच्या सायकलचा ब्रेक नीट केला, लेंगे वाळले का ते दर थोड्या वेळाने जाऊन चाचपून पाहिलं. पण एक झालं, घाटाच्या त्या पायऱ्या सोडून ते कुठे गेले नाहीत. दावणीला बांधल्यासारखे ताईंच्या भोवती फिरत राहिले. ऊन उतरलं आणि पाण्यावर तांबूस झाक आली तेव्हा ते शेवटच्या पायरीपर्यंत गेले, लेंगा वर केला आणि ताईंच्या शेजारी पाण्यात उभे राहिले. उभेच. ताई म्हणाल्या, “सकाळी हिरवट होतं हो हे पाणी.” ते म्हणाले, “असं?” आणि बराच वेळ बघत राहिले. आम्ही त्या पाण्यावर दुसरी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं झालं, गावाने पुन्हा गजर केला, पण साडू स्टिअरिंगवरून उठले, मागे गेले, पडदा सारून ताईंना डोळ्यांनी पाहिलं आणि मगच गिअर टाकला.

ती गाडी आता गेली. मढला सिनेमावाल्यांना गाड्या पुरवणाऱ्या कुणीतरी ती घेतली आणि हल्ली तिच्यात कलावंतांची रंगरंगोटी होते म्हणे. साडू एकदा सहज बघून आले. “पडदा तोच ठेवलाय रे,” एवढंच सांगितलं. मुलुंडची इमारत पडली, ते दोघं जोगेश्वरीला भाड्याच्या घरात आले. घर लहान आहे, त्यामुळे फर्निचर फिरवायला वाव नाही. सोफा हलवला की तो दाराबाहेर जातो.

पावसाळ्यानंतर ताईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. सकाळी आम्ही दोघं हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा ताईंना हिरवे कपडे घालून ढकलगाडीवर घेतलेलं होतं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी साडूंनी गाडीच्या दांड्याला हात लावला आणि भर कॉरिडॉरमध्ये सुरू झाले, “बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वाटांच्या राखणदारा! ही तुझी लेक आज आत जाता हा. जशी गेली तशी परत धाड, म्हाराजा!”

“जशी गेली तशी काय?” गाडीवरून ताई म्हणाल्या. “नवे गुडघे घालून म्हणा!”

“नवे गुडघे घालून परत धाड, म्हाराजा!”

आम्ही म्हटलं, “व्हय म्हाराजा!” गाडी ढकलणारा मामा कणकवलीचा निघाला, त्याने तर आमच्याहून खणखणीत म्हटलं. बाकांवरचे नातेवाईक, दोन नर्सेस, सगळ्यांनी साथ दिली. साडूंनी हात वर केला. सगळे गप्प झाले. ते वाकले, ताईंच्या तोंडाशी कान नेला आणि वाट पाहत राहिले. लिफ्टचीसुद्धा वाट न पाहणारा माणूस!

“व्हय म्हाराजा,” ताई हळूच म्हणाल्या आणि त्यांचा हात थोपटला. मग दार मिटलं.

थोड्या वेळाने मी म्हटलं, “साडूभाऊ, चला, खाली चहा घेऊन येऊ. बराच वेळ लागेल म्हणालेत.”

“तू जा.”

“अहो, इथे बसून काय होणार आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचाच प्रश्न मी त्यांना विचारला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं. “मी हललो आणि ती बाहेर आली तर?” ते म्हणाले. “तिने बघितलं आणि मी नसलो तर?”

मी चहा घेतला, पेपर चाळला, बायकोसाठी इडली बांधून घेतली आणि वर आलो. तुम्हाला थापा वाटतील, पण मी या डोळ्यांनी पाहिलं. आमचे साडू बाकावर बसले होते. टेकून नव्हे, चांगली मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, बंद दाराकडे बघत. बाकाखाली त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि त्या चपलांची तोंडं आतल्या बाजूला, त्या दाराकडे होती.